ऊर्जेची मिळकत आणि पुंजी

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक पान हमखास असते. पानाच्या मधोमध एक उभी रेघ; रेघेच्या एका अंगाला 'नवीकरणीय ऊर्जास्रोत' आणि दुसऱ्या अंगाला 'अनवीकरणीय ऊर्जास्रोत'. पहिल्या रकान्यात सूर्य, वारा, पाणी, लाकूड, गोबरगॅस. दुसऱ्यात कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू, युरेनियम. मुले हे दोन्ही रकाने पाठ करतात, परीक्षेत उतरवतात, गुण मिळवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. यादी चुकीची नाही. परंतु ती पाठ करून मुलाच्या मनात जे शिल्लक राहते ते असे, की पहिल्या रकान्यातले सारे चांगले, फुकटचे आणि कधी न संपणारे. आणि दुसऱ्यातले सारे वाईट, महागडे आणि संपत आलेले. हे मात्र खरे नाही. पालकांनी आणि शिक्षकांनी मनावर घेतले तर ह्या रेघेचा खरा अर्थ दहा-बारा वर्षांच्या मुलालाही समजावून सांगता येतो. तो कसा, हे आज आपल्या महाराष्ट्रातलीच उदाहरणे घेऊन पाहावयाचे आहे.

प्रथम मापाची ओळख करून घेऊ. कारण मापावाचून ह्या विषयावर जे बोलले जाते ते बहुधा हवेतले असते. विजेच्या बिलावर जे 'युनिट' लिहिलेले असते ते म्हणजे एक किलोवॅट-तास. हजार वॅटची इस्त्री तासभर अखंड तापत राहिली की एक युनिट खर्ची पडते. हे युनिट केवढे मोठे आहे ह्याची कल्पना पैशावरून येत नाही, कारण थोडक्या रुपयांत ते घरबसल्या मिळते. ती कल्पना अंगमेहनतीवरून येते. साठ किलो वजनाचा माणूस पायथ्यापासून सिंहगड चढून गेला, म्हणजे सुमारे सहाशे मीटर वर गेला, की आपले वजन उचलण्याचे जे काम त्याने केले ते एका युनिटाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतके भरते. दहा माणसे गड चढली तर एक युनिट! महिन्याला १२० युनिटे वापरणारे मध्यम कुटुंब घ्या. त्यांचे दिवे, पंखे, फ्रिज आणि दूरदर्शन संच चालावेत म्हणून रोज चाळीस माणसे सिंहगड चढत आहेत, असे समजावयास हरकत नाही.  आपण त्याला 'लाइट बिल' म्हणतो आणि दहा रुपये वाढले की कुरकुरतो.

हे १२० युनिटांचे कुटुंब आपण आजच्या विवेचनात बरोबर घेऊन फिरणार आहोत.

आता त्या रेघेकडे वळू. संसार चालविण्याचे मार्ग जुन्या माणसांना चांगले ठाऊक होते. एक मार्ग पगाराचा. पहिल्या तारखेला ठराविक रक्कम हाती येते; ती खर्च केली म्हणून पुढच्या महिन्याची कमी होत नाही, आणि काटकसर केली म्हणून जास्तही येत नाही. दुसरा मार्ग मुद्दलावरील व्याजाचा. व्याजावर भागविले तर पिढ्यान् पिढ्या चालते; परंतु गरज पडली म्हणून मुद्दलाला हात लावला की व्याज आटते, आणि पुढे दोन्ही जातात. तिसरा मार्ग वाड्याच्या परसात सापडलेल्या मोहरांच्या हंड्याचा. हवे तेव्हा, हवे तितके काढता येते, कुणाची वाट पाहावी लागत नाही. हंडा कितीही मोठा असला तरी काढलेली मोहर त्यात परत पडत नाही, एवढेच त्याचे न्यून.

सूर्य आणि वारा हे पगाराचे. कोळसा, तेल, वायू हे हंड्याचे. आणि पुस्तकाने पहिल्या रकान्यात बिनदिक्कत बसविलेले लाकूड हे व्याजाचे. म्हणजे खरे पाहता रेघ एक नाही, दोन आहेत. रान वर्षाला जेवढे वाढते तेवढेच तोडले तर लाकूड नवीकरणीय. वाढीपेक्षा तोड जास्त झाली की तेच लाकूड, तोच वृक्ष, तेच रान अनवीकरणीय होते. सह्याद्रीच्या उघड्याबोडक्या झालेल्या कित्येक डोंगरांनी हे आपल्याला दाखविले आहे. कोळशाच्या भट्ट्या लावणाऱ्यांनी तेथे मुद्दल खाल्ले, आणि मुद्दलाबरोबर डोंगरावरची मातीही वाहून गेली. तात्पर्य, नवीकरणीय असणे हा पदार्थाचा अंगभूत गुण नव्हे. किती वेगाने भरते आणि किती वेगाने उपसले जाते, ह्या दोन वेगांमधले ते नाते आहे. कोळसा आजही पृथ्वीवर कोठे ना कोठे तयार होण्याच्या वाटेवर असेलच. दलदलीत झाडपाला कुजून पीट नावाचा काळसर थर साचतो, ती कोळशाची पहिली पायरी. परंतु पुढच्या पायऱ्या चढावयास त्याला जी कोट्यवधी वर्षे लागतात तेवढी वाट पाहणारी आगगाडी अजून निघालेली नाही.

ह्याच संदर्भात साखर कारखान्यांच्या विजेचा उल्लेख करावयास हवा. उसाचा रस काढल्यावर उरलेला चोथा जाळून आपले कारखाने वाफ आणि वीज करतात, उरलेली वीज विकतातही. ऊस दर हंगामाला पुन्हा उगवतो, तेव्हा ही वीज पहिल्या रकान्यात घातली जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्या उसाला पाणी पाजणारा पंप ज्या विजेवर चालतो, त्याच्या मुळाशी पडलेले खत ज्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून बनते, तेही एकदा मोजावे. मोजले तर रेघ थोडी हलते. पुसली जात नाही, हलते.

आता हंड्याकडे जाऊ. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, घुग्घुस ह्या वर्धा नदीच्या खोऱ्यातील भागात जो दगडी कोळसा निघतो तो सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीचा. त्या वेळी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका हे भूखंड एकमेकांना चिकटलेले होते. ह्या जोडखंडाला शास्त्रज्ञांनी 'गोंडवन' हे नाव दिले. ते आपल्या मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून आले आहे. त्या काळच्या दलदलीत झाडे पडत गेली, पाण्याखाली दबली, हवा न मिळाल्याने पुरती कुजली नाहीत. त्यांवर वाळूचे आणि चिखलाचे थर बसले. दाब आणि उष्णता ह्यांनी त्यातील पाणी व वायू निघून गेले आणि कार्बन मागे राहिला. झाडाने पानाच्या हिरवेपणाने सूर्याचा प्रकाश पकडून हवेतला कार्बन अंगात घेतला होता. तोच हा कार्बन. म्हणजे कोळसा हेही सूर्याचेच देणे. तो जुना, पुरून ठेवलेला सूर्यप्रकाश आहे.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्यातला पाचशे मेगावॅटचा एकच संच घेऊ. तो पूर्ण शक्तीने दिवसरात्र चालला तर चोवीस तासांत एक कोटी वीस लाख युनिटे देतो. आपल्याकडच्या कोळशाने एक युनिट करावयास सुमारे पाऊण किलोच्या आतबाहेर, ढोबळमानाने सातशे ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे एका संचाला एका दिवसात आठ हजार चारशे टन! कोळशाची एक पुरी मालगाडी साधारण पावणेचार हजार टन आणते. दोन गाड्या रिकाम्या झाल्या तरी संध्याकाळचे भागत नाही. आपल्या १२० युनिटांच्या कुटुंबाच्या वाट्याला महिन्याला चौऱ्यांशी किलो, जुन्या मापाने सव्वादोन मण कोळसा येतो. त्यांनी तो कधी पाहिलेला नसतो, त्यांच्या भिंती काळ्या झालेल्या नसतात; त्या चंद्रपूरकरांच्या होतात. भारतीय कोळशात शंभरातले तीस ते चाळीस भाग राख असते, ती तेथेच पडते. कोळशातून निघणाऱ्या उष्णतेपैकी विजेत रूपांतर होते ते एक तृतीयांशाच्या थोडे वर. बाकीची थंड करण्याच्या मनोऱ्यांवाटे आकाशात जाते. तिला वाट करून देण्यासाठी पाणी लागते, ते इरई धरणाचे. चंद्रपूर शहरही पिण्यासाठी तेच पाणी घेते.

इतका खर्च असून जगाने हंडा का धरला? लोक आंधळे होते म्हणून नव्हे. हंड्याचा मोठा गुण असा, की तो वेळ पाळतो. रात्रीचे आठ वाजले, साऱ्या महाराष्ट्राने एकदम दिवे लावले, की चंद्रपूरच्या भट्टीत चार घास जास्त टाकता येतात. सूर्याला अशी विनंती करता येत नाही. हा गुण मुलांना सांगितलाच पाहिजे. तो न सांगता कोळशाला शिव्या देणारा धडा म्हणजे अर्धा धडा होय.

आणि हंडा संपेल ही भीतीही थोडी बाजूला ठेवावयास हवी. आपल्या देशात कोळसा अजून पुष्कळ आहे. अडचण दुसरीकडून आली आहे. लाकूड जाळले की त्यातून जो कार्बन डायऑक्साइड वायू निघतो तो त्या झाडाने गेल्या दहा-वीस वर्षांत हवेतूनच घेतलेला असतो; नवे झाड लावले तर ते तो परत घेते. हिशेब घरातल्या घरात मिटतो. कोळसा जाळला की पंचवीस कोटी वर्षांपूर्वी हवेतून काढून जमिनीत पुरलेला कार्बन आज हवेत येतो. एका युनिटामागे हा वायू सुमारे एक किलो निघतो. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत ह्या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली चार्ल्स कीलिंग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर त्याची नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हा वायू पृथ्वीची उष्णता बाहेर निसटू देत नाही, हे तर आता शाळेतली मुलेही जाणतात. म्हणजे खाली कोठार रिकामे होण्याच्या आधी वर आकाश भरत आले. जगातले पहिले सार्वजनिक कोळसा-वीजकेंद्र १८८२ साली लंडनमध्ये हॉबर्न व्हायाडक्ट येथे सुरू झाले; त्याच देशातले शेवटचे कोळसा-वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ येथे बंद झाले. जमिनीखालचा कोळसा संपला म्हणून ते बंद केले नाही.

खनिज तेलाबद्दल थोडक्यात सांगतो. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर 'बॉम्बे हाय' येथे १९७४ साली तेल सापडले आणि १९७६ पासून ते काढले जाऊ लागले. ऐंशीच्या दशकात त्याने आपले शिखर गाठले. त्यानंतर नव्या विहिरी, नवी यंत्रे, पाणी दाबून तेल वर ढकलण्याच्या युक्त्या हे सारे करूनही ते शिखर परत आले नाही. एका माणसाच्या नोकरीच्या काळात एक हंडा सापडला, भरात आला आणि उतरणीला लागला. 'अनवीकरणीय' ह्या लांबलचक शब्दाचा अर्थ एवढाच.

आता पाण्याकडे येऊ. येथे थोडे थांबावयास हवे, कारण महाराष्ट्राने पाण्याच्या विजेत जितके मिळविले आणि जितके गमावले तितके दुसऱ्या कशात क्वचितच असेल. सह्याद्री ही निसर्गाने बांधलेली आयती पायरी आहे. पूर्वेकडे उंच पठार, पश्चिमेकडे एकदम पाचशे मीटर खाली कोकण. सूर्य समुद्राचे पाणी वाफेने उचलतो, मोसमी वारे ते वाहून आणतात आणि घाटमाथ्यावर ओततात. चढवणीची मजुरी सूर्याने भरलेली असते. आपण फक्त उतरणीचे पैसे वसूल करावयाचे. टाटांनी हे ओळखले. लोणावळ्याजवळचे तलाव बांधून १९१५ साली खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना घाटावरच्या पावसाची वीज मिळू लागली. पाठोपाठ १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा.

भिऱ्याचे पाणी मुळशीच्या तलावातले. तो तलाव बांधण्यासाठी मुळा-निळेच्या खोऱ्यातली सुमारे पन्नास गावे, त्यांची आंबेमोहोराची खाचरे आणि घरेदारे पाण्याखाली जावयाची होती. १९२१ च्या रामनवमीला तेथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट ह्यांना 'सेनापती' ही पदवी ह्या लढ्याने दिली. मावळ्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला; सत्याग्रह तीन वर्षांनी मोडला आणि तलाव झाला. धरणाने उठविलेल्या माणसांचा हा जगातल्या आरंभीच्या लढ्यांपैकी एक म्हणून ओळखला जातो. मुळशीचे पाणी दरसाल भरते, म्हणून वीज नवीकरणीय; ती खाचरे मात्र एकदाच गेली. पुस्तकाच्या रकान्यात पाणी लिहिलेले असते, जमीन लिहिलेली नसते.

कोयनेचे काम ह्याहून मोठे. कोयना ही खरे तर पूर्ववाहिनी. कऱ्हाडला कृष्णेस मिळून बंगालच्या उपसागराला जाणारी. हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीचे धरण घालून तिचे पाणी अडविले आणि डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेस वळविले. चिपळूण तालुक्यात पोफळीला, डोंगराच्या आतच, भुयारात वीजगृह आहे. तेथे सुमारे पावणेपाचशे मीटर उंचीवरून पाणी चक्रांवर कोसळते आणि पुढे वाशिष्ठीतून अरबी समुद्रास जाते. १९६२ साली पहिली वीज निघाली. पुढचे टप्पे होऊन आज एकूण क्षमता १९६० मेगावॅट आहे. गणित सोपे आहे. हजार लिटर पाणी एवढ्या उंचीवरून आले की यंत्रातली तूट वजा जाता साधारण एक युनिट मिळते, थोडे जास्तच. आपल्या कुटुंबाला महिन्याला एक लाख वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकर बारा. राख नाही, धूर नाही, आणि हंड्याचा तो वेळ पाळण्याचा गुणही आहे. कारण पाण्याचे दार हवे तेव्हा उघडता येते, आणि चक्र काही मिनिटांत पूर्ण वेग घेते. पहिल्या रकान्यातला हा सर्वांत गुणी मुलगा.

परंतु ह्या मुलाच्याही काही गोष्टी आहेत. पश्चिमेकडे किती पाणी सोडावयाचे ह्याला कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. पगार म्हणतात तो हाच. पाऊस ओढ देतो त्या वर्षी विजेला द्यावयाचे की पूर्वेकडच्या शेतीला आणि पिण्याला, हा वाद ठरलेला. टाटांच्या तलावांच्या बाबतीतही भीमेच्या खोऱ्यातले लोक हेच विचारतात, की आमच्या नदीचे पाणी कोकणात का जाते? दुसरे असे, की पाणी दरसाल नवे येते, पण त्याबरोबर गाळही येतो, आणि तो तळाशी राहतो. पाणी नवीकरणीय असले तरी तलाव तसा नसतो. त्याचे आयुष्य मोजलेले असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला जो भूकंप झाला त्यात दीडशेहून अधिक माणसे दगावली. मोठ्या जलाशयामुळे भूकंपाला चालना मिळू शकते ह्या अभ्यासात कोयनेचे नाव जगभर घेतले जाते. आणि चौथी गोष्ट माणसांची. सुमारे शंभर गावे उठली. लोक ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा ठिकाणी पांगले, आणि सहा दशके उलटून गेली तरी त्यातल्या कित्येकांचे जमिनीचे प्रश्न सुटलेले नाहीत. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणतात ते खरेच आहे. ह्या लक्ष्मीसाठी ज्यांनी घर रिकामे केले त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी दिवा पोहोचावयास मात्र वर्षे लागली.

कोयनेच्या जलाशयावरच्या पठारावर, पाटण तालुक्यात वनकुसवड्याला गेलात तर पवनचक्क्यांचे रान दिसेल. शेजारी चाळकेवाडीलाही तसेच. पवनचक्कीला आपल्याकडे 'अपारंपरिक' म्हणण्याची रीत पडली आहे, ती मला कधी पटली नाही. कोकणची गलबते शतकानुशतके शिडावरच चालली. कोळसा हा त्यांच्या मानाने कालचा पोरगा! वाऱ्याचा एक नियम मुलांना जरूर सांगावा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. आणि निम्मा झाला तर एक अष्टमांश उरते. म्हणून चक्क्या उंच, उघड्या कड्यांवर उभ्या करतात आणि म्हणूनच त्यांचे उत्पन्न इतके लहरी असते. आपल्याकडे त्यांचा सुगीचा काळ म्हणजे जून ते सप्टेंबर. नेमक्या त्याच महिन्यांत ढगांमुळे सूर्याची कमाई घटते. तेव्हा हे दोघे भाऊ एकमेकांची बाजू थोडीफार सांभाळून घेतात.

सूर्याची कमाई किती? महाराष्ट्रात एका चौरस मीटर सपाट जागेवर दिवसाकाठी सरासरी पाच युनिटांइतका प्रकाश पडतो. बाजारात मिळणारी सौरपट्टी त्याचा साधारण पाचवा हिस्सा विजेत बदलते. धूळ, उष्णता, तारा ह्यांतली गळती वजा जाता पाऊण-एक युनिट हाती येते. आपल्या कुटुंबाला रोज चार युनिटे हवीत. म्हणजे पाच-सहा चौरस मीटर पट्ट्या आणि मध्ये वावरावयास जागा धरून गच्चीवर सुमारे शंभर चौरस फूट पुरे होतात. चाळीस माणसांचे सिंहगड चढणे शंभर चौरस फुटांत! पन्नास वर्षांपूर्वी हे स्वप्नरंजन वाटले असते. आज पट्टी स्वस्त झाली आहे आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर ती दिसूही लागली आहे.

मग प्रश्न मिटला काय? येथे वर्तमानपत्र वाचणाराने एक भेद नीट ध्यानात घ्यावा. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जाहीर केले की देशाच्या स्थापित विद्युत्क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता खनिज इंधनांशिवायच्या स्रोतांची झाली आहे. बातमी खरी आहे आणि अभिमानाचीही. परंतु क्षमता म्हणजे मेगावॅट, आणि खपते ते युनिट. २०२३-२४ साली देशात तयार झालेल्या दर चार युनिटांपैकी जवळजवळ तीन कोळशाची होती. कारण सौरकेंद्र रात्री झोपते, पहाटे-संध्याकाळी जांभया देते. वर्षभराची सरासरी काढली तर ते आपल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्शाइतकेच काम करते. शंभर बैलांचा गोठा आहे म्हणून शंभर नांगर चालतात असे नव्हे. किती बैल किती वेळ औताला लागले ते पाहावे लागते.

(युरेनियमचा येथे ओझरता उल्लेख करतो. तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झाले, ते देशातले पहिले. २००५-०६ मध्ये तेथे आणखी दोन मोठे संच आले. अणुवीज धूर करीत नाही, रात्रीही चालते, आणि तरीही युरेनियम हा हंडाच. तोही सूर्याने भरलेला नव्हे, सूर्य जन्मण्याआधीच्या ताऱ्यांनी भरलेला. त्याची राख मात्र हजारो वर्षे सांभाळावी लागते. तेव्हा 'सरणारे' आणि 'धूर करणारे' हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत.)

खरी अडचण आहे ती संध्याकाळची. सूर्य मावळतो आणि घरोघर खप चढतो. ह्यावर उपाय दोन बाजूंनी करता येतो. एक, खपच दिवसाकडे सरकवावयाचा. आपल्या शेतकऱ्याला वर्षानुवर्षे शेतीची वीज पाळीपाळीने, पुष्कळदा मध्यरात्री मिळत आली. दारे धरावयास तो रात्री बॅटरी घेऊन शिवारात जातो. साप, बिबट्या, थंडी ह्यांचा धनी होतो. पण पिकाला पाणी दुपारी दिले तर चालते, आणि सूर्य दुपारीच असतो. २०१७ पासून राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तिचे सूत्र हेच: उपकेंद्राजवळ सौरकेंद्र उभारावे आणि शेतीच्या तारांवर दिवसा वीज सोडावी. ही योजना सगळीकडे सारख्या वेगाने पोहोचलेली नाही. परंतु विचार अगदी बरोबर आहे. वीज साठवण्यापेक्षा विहिरीतले पाणी दिवसा काढणे केव्हाही स्वस्त.

दुसरा उपाय साठवणीचा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात घाटघरला घाटमाथ्यावर एक तलाव आहे आणि खाली शहापूर तालुक्यात दुसरा. मध्ये भुयारात सव्वाशे मेगावॅटचे दोन संच आहेत, जे उलटसुलट दोन्ही कामे करतात. जादा वीज असेल तेव्हा खालचे पाणी वर चढवावयाचे, टंचाई झाली की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यावयाची. चार युनिटे घातली तर साधारण तीनच परत मिळतात. चौथे ही भांडाराची हमाली. २००८ साली हे केंद्र सुरू झाले तेव्हा कल्पना अशी, की रात्री खप उतरला की कोळशाच्या केंद्रांची उरलेली वीज वापरून पाणी चढवावे. आता देशभर अशा केंद्रांचा विचार होतो तो दुपारच्या सौरविजेसाठी. यंत्र तेच, पाणी तेच; दुपारी चढविलेले पाणी संध्याकाळी सूर्याची वीज देते, रात्री चढविलेले कोळशाची. रकाना घड्याळाप्रमाणे बदलतो.

२०२३ मध्ये राज्य शासनाने अशा केंद्रांसाठी स्वतंत्र धोरण आणले आणि सह्याद्रीतल्या कित्येक जागा त्यासाठी पाहिल्या जात आहेत. तलाव मुळशीपेक्षा पुष्कळ लहान असतील, हे मान्य. तरी जागा तीच, घाटमाथ्याची. रानही तेच, आणि वाड्यावस्त्याही त्याच लोकांच्या. कोणाला विचारून, किती मोबदला देऊन आणि कोणत्या रानाला हात न लावता हे करावयाचे, ह्याचा निकाल आरंभीच लावलेला बरा. नाहीतर दुसऱ्या शतकातही दुसरे सेनापती लागतील. विद्युत्घटांची, म्हणजे बॅटऱ्यांची, साठवणही झपाट्याने स्वस्त होत आहे; तिला डोंगर लागत नाही. परंतु तिच्यातला लिथियम हा धातू जमिनीतूनच काढावा लागतो.

जाता जाता शाळकरी मुलांसाठी एक प्रयोग सुचवितो. त्याला यंत्र लागत नाही, पैसेही लागत नाहीत. घराबाहेरच्या मीटरवरचा आकडा रोज सूर्यास्ताला आणि पुन्हा सूर्योदयाला वहीत लिहावा; असे सात दिवस. आकड्यांची वजाबाकी केली की घरात रात्रीची युनिटे किती आणि दिवसाची किती ते कळेल. दिवसाची युनिटे गच्चीवरची पट्टी देऊ शकते. रात्रीच्या युनिटांपुढे तीन आकडे मांडावेत: प्रत्येकी सातशे ग्रॅमने चंद्रपूरचा कोळसा किती होतो, हजार लिटरने कोयनेचे पाणी किती होते, आणि घाटघरसारख्या तलावातून ती घ्यावयाची तर तीन युनिटांस चार ह्या हिशेबाने दुपारी किती जादा वीज करावी लागेल. मेमध्ये एकदा आणि जुलैमध्ये एकदा हा प्रयोग करावा. पंख्यामुळे दोन्ही वह्या सारख्या निघणार नाहीत.